वलगणीचे मासे आणि ओहोळावर भेटणारे वन्यजीव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस लागला की मुंबई-पुण्याहून गावी येणाऱ्यांचे तेच तेच प्रश्न सुरू होतात. चढण कधी लागेल, कुठे जाऊ, रात्री गेलं तर चालेल का, मगर दिसली तर काय करायचं? इथली उत्तरं मुख्यतः दक्षिण रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या पट्ट्याला, म्हणजे सावित्री, काळ, गांधारी, जगबुडी आणि वाशिष्ठीच्या ओहोळांना धरून आहेत. बाकी कोकणात माशांची आणि साधनांची नावं बदलतील, पाण्याची रीत फारशी बदलत नाही.

वलगण म्हणजे नेमकं काय?

पावसाच्या पहिल्या मोठ्या पाण्याबरोबर नदीतले, डोहांतले मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात. नदीतून वहाळात, वहाळातून ओहोळात आणि तिथून बांधाच्या तोंडातून थेट भातखाचरात. रायगड-ठाण्याकडे याला वलगण म्हणतात, रत्नागिरी-सिंधुदुर्गात चढण. मासे वर येतात ते अंडी घालायला. उन्हाळ्याचे चार महिने ते आटत चाललेल्या डोहात दाटीवाटीने काढतात. नवं पाणी येतं तेव्हा ते गार असतं, त्यात प्राणवायू भरपूर असतो आणि मातीचा वासही असतो. वर खाचरांत उथळ, कोमट पाणी साचलेलं असतं, कुजका पालापाचोळा आणि बारीक किडे असतात, आणि पिल्लांना गिळणारे मोठे मासे जवळपास नसतात. पिल्लं वाढवायला याहून चांगली जागा नदीत कुठेच मिळत नाही.

चढण कधी लागते?

तारीख सांगता येत नाही. पाऊस कोकणात साधारण ७-८ जूनच्या सुमारास, म्हणजे मृग नक्षत्र लागताना येतो, पण नुसता पाऊस येऊन भागत नाही. रोहिणीतल्या वळवाने जमीन भिजते, ओहोळ वाहत नाही. ओहोळाचं पाणी नदीला जाऊन मिळायला हवं. डोंगरात दोन-तीन दिवस झड लागली, गढूळ लोंढा खाली आला आणि मग पाऊस जरा उघडला, की त्या रात्री किंवा दुसऱ्या पहाटे चढण लागते. मृग कोरडा गेला तर आर्द्रांत. पहिली चढण जोराची असते, नंतर जुलैपर्यंत प्रत्येक मोठ्या पाण्याला थोडे थोडे मासे चढत राहतात.

कोणते मासे मिळतात?

सगळ्यात जास्त खवले असलेले लहान मासे, बोटभर ते वीतभर. मग शिंगट्या (मिशांचे, काट्यांचे मासे), वाम आणि मरळ, जिला बऱ्याच गावांत डाकू म्हणतात. मरळ, मागूर आणि शिंगी यांना हवेतूनही श्वास घेता येतो. म्हणूनच रात्री ओल्या बांधावरून सरपटत एका खाचरातून दुसऱ्यात जाणारा मासा दिसला तर दचकू नका.

हाताळताना शिंगटीच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या काट्यांना जपा. शिंगीचा काटा विषारी असतो आणि तो लागला की माणूस तासन्‌तास तळमळतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की वेदना उतरते. सूज चढत गेली तर दवाखाना गाठा.

अहिर हा सापासारखा लांबट मासा मात्र या सगळ्यांच्या उलट वागतो. तो वाढतो नदीत आणि अंडी घालायला जातो समुद्रात. त्याची सुतळीएवढी पिल्लं समुद्रातून खाडीत आणि खाडीतून नदीत वर येतात. ओल्या दगडावरून चढणारी अशी पिल्लं दिसली तर हात लावू नका, त्यांच्या पाठीमागे फार लांबचा प्रवास असतो.

पोटात गाभोळी (अंडी) असलेले मासे पकडणं योग्य आहे का?

हाच प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

चढणीचा मासा चवीला उत्तम लागतो तो गाभोळीमुळेच, हे कुणी नाकारणार नाही. पण एका मादीच्या पोटात हजारोंनी अंडी असतात आणि ती घालायला तिला काही तासांची सवड पुरते. चढण रात्री लागली तर बहुतेक माद्या पहाटेपर्यंत खाचरात पोचून मोकळ्या होतात. खवले असलेल्या अशा लहान माशांची अंडी फुटायलाही साधारण एक दिवस पुरतो. म्हणजे सगळा खेळ एक-दोन दिवसांचा आहे, आणि आपण नेमके त्याच रात्री बत्त्या घेऊन ओहोळाच्या तोंडाशी उभे असतो.

पूर्वीही लोक वलगणीला जात, हे खरं. कातकरी, आगरी, कुणबी, सगळेच जात. पण तेव्हा गावची माणसं गावच्या ओहोळावर जात, पायी जात आणि घरच्या रश्श्यापुरतं आणत. आज एका रात्रीत चार तालुक्यांच्या मोटारसायकली एका साकवापाशी (ओहोळावरच्या लहान पुलापाशी) लागतात, हातात झगझगीत विजेऱ्या असतात आणि पोती भरून मासे विकायला जातात. ओहोळ तेवढाच राहिला, त्यावरची माणसं वाढली.

माझं मत स्पष्ट आहे. पहिली चढण जाऊ द्यावी. पहिल्या लोंढ्याचे दोन दिवस ओहोळावर फक्त बघायला जा. नंतरच्या पाण्याला एका घरापुरते मासे घ्या. पोट टम्म फुगलेली, हात लावताच अंडी गळणारी मादी हातात आली तर तिथल्या तिथे वरच्या अंगाला सोडा. जे गाव एवढं पाळील त्याच्या ओहोळाला मासे राहतील, एवढी त्या माशांची वीण दांडगी आहे.

मग पकडायचे कसे? कोणती साधनं चालतात?

पाग (फेकायचं जाळं), गळ आणि बांधाच्या तोंडाशी लावायचा बांबूच्या कामट्यांचा निमुळता सापळा ही जुनी साधनं आजही चांगली. सापळ्याबाबत एक नियम पाळा: ओहोळाची पूर्ण रुंदी कधीही अडवू नका. दगड-मातीचा बांध घालून सगळं पाणी एकाच सापळ्यात वळवलं की एकही मासा वर जात नाही. निम्मा प्रवाह मोकळा हवाच. सापळ्याच्या कामट्यांत बोटाच्या जाडीएवढी फट ठेवली तर लहान मासे आपोआप सुटतात. मच्छरदाणीचं कापड लावून पाणी गाळणं तर अजिबात नको, त्यात बोटाच्या पेराएवढी पिल्लंही अडकतात.

कोयत्याने मासे मारणं अनेकांना मर्दुमकीचं वाटतं. अंधारात, निसरड्या दगडावर, आजूबाजूला चार माणसं असताना कोयता चालवल्यावर काय होतं ते ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारा. जखमी होऊन निसटलेला मासाही वाया जातो.

बॅटरीचा करंट, ब्लीचिंग पावडर, जिलेटीन?

नाही. सुरुंगाने आणि विषाने मासे मारणं १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यातच गुन्हा ठरवलेलं आहे. करंटने त्या टप्प्यातलं सगळंच मरतं, बेडूक, मुठे (गोड्या पाण्यातले खेकडे), पिल्लं, आणि धरणारी माणसंही मेली आहेत. गेळफळ किंवा रामेठ्याची साल ठेचून पाण्यात टाकायची जुनी रीत ‘नैसर्गिक’ म्हणून सांगितली जाते. उन्हाळ्यात आटलेल्या डबक्यात ती वापरत असत. विणीच्या दिवसांत वाहत्या ओहोळात ती तितकीच घातक आहे, आणि खालच्या वाडीची गुरं तेच पाणी पितात.

१ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी ओहोळाला लागू आहे का?

ती बंदी समुद्रातल्या यांत्रिक होड्यांसाठी आहे. पण तिच्यामागचं कारण तेच आहे, माशांचा विणीचा हंगाम. समुद्राला आपण दोन महिने विसावा देतो, ओहोळाला दोन दिवसही देत नाही. तलाव, धरण किंवा नदीचा पट्टा संस्थेला ठेक्याने दिलेला असेल तर तिथे परवानगीशिवाय जाळं टाकू नका. अभयारण्याच्या हद्दीत तर मासेमारी नाहीच.

वाळण कोंडीतले मासे का धरत नाहीत?

महाडजवळ काळ नदीत वाळण कोंड हा खोल डोह आहे. काठावर वरदायिनी देवीचं ठाणं आहे आणि डोहातले मासे देवीचे मानले जातात. ते आहेत खडशी, म्हणजे महसीर. पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ वैतरणेच्या काठी तिळसे इथेही असंच शिवमंदिर आहे आणि तिथलेही महसीर कुणी मारत नाही. महसीर पावसाळ्यात वाहत्या, दगडगोट्यांच्या पाण्यात अंडी घालतो, त्यामुळे असा राखलेला डोह म्हणजे नदीची बियाण्याची कणगी. डोह राखला आणि वरचा ओहोळ अडवला तर मात्र उपयोग नाही. गावांनी शेकडो माणसांच्या श्रद्धेने जे टिकवलं ते पाहायला अवश्य जा. मासे बघा, गळ घरी ठेवा.

या दिवसांत मगरीचा धोका किती?

सावित्रीत महाडपाशी आणि वाशिष्ठीत चिपळूणपाशी मगरी आहेत, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. उन्हाळ्यात त्या ठरावीक काठांवर ऊन खात पडलेल्या दिसतात. पावसात पाणी पसरलं की त्यांची जागाही पसरते. बाजूच्या ओहोळात, नाल्यात, कधी रस्त्यावरही त्या सापडतात. मासे जिथे गोळा होतात तिथे मगर येणार, हे तर उघडच आहे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. मगर उन्हाळ्यात काठावर खड्डा करून अंडी घालते आणि साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे पावसाच्या तोंडाला, पिल्लं बाहेर येतात. मादी त्या पिल्लांजवळ राहून राखण करते. वलगण आणि मगरीची पिल्लं एकाच पंधरवड्यात येतात, म्हणून नदी आणि ओहोळाच्या संगमाशी या दिवसांत रात्री उतरू नका. कमरेएवढ्या गढूळ पाण्यात तर नाहीच. मासे पाण्याच्या काठावर साफ करून आतडी तिथेच टाकू नका. वीतभर लांबीची पिल्लं दिसली तर फोटोसाठी थांबू नका, आई जवळच असते. गावात मगर आली तर दोर टाकून धरायचा खटाटोप न करता वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला सर्वोच्च संरक्षण आहे.

सापळ्यात साप अडकला आहे. विषारी आहे का?

सापळ्यात मासे खायला आलेला साप बहुतेक वेळा दिवड असतो. अंगावर काळ्या चौकटी, डोळ्याखाली दोन काळ्या तिरप्या रेघा. तो बिनविषारी आहे, पण तापट आहे आणि कडकडून चावतो. काठीने सापळ्याचं तोंड मोकळं करा आणि बाजूला व्हा. फार वेळ पाण्याखाली अडकला तर तो गुदमरून मरतो.

धोका पाण्यापेक्षा वाटेवर जास्त. कातळावरच्या पायवाटेवर फुरसं, गवतात घोणस, रात्री बांधावर मण्यार. फुरसं लहान असतं, म्हणून लोक हलक्यात घेतात. मण्यारीचा दंश इतका कमी दुखतो की माणूस घरी जाऊन झोपतो आणि पहाटे त्याचा श्वास अडकू लागतो. ओहोळावर झुकलेल्या फांद्यांवर हिरवा चापडा हा विषारी साप बसलेला असतो, म्हणून आधारासाठी फांदी धरण्याआधी विजेरी मारा. गुडघ्यापर्यंत गमबूट आणि हातात काठी, एवढं तरी हवंच.

साप चावला तर?

माणसाला बसवा, धीर द्या, दंश झालेला अवयव हलू देऊ नका. अंगठी, कडं, जोडवी काढा. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, तोंडाने ओढू नका, मांत्रिकाकडे नेऊ नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालय गाठा, तिथे प्रतिसर्पविष मोफत मिळतं. साप मारून सोबत नेण्याची गरज नसते.

दगड उलथताना लाल विंचू डसला तरी हीच घाई करा. या विंचवाच्या विषाने हृदयावर होणाऱ्या परिणामांवर प्राझोसिन हे औषध लागू पडतं, हे महाडला बसून जगाला दाखवून देणारे डॉ. हिंमतराव बावस्कर याच मातीत रुग्ण तपासत आले आहेत. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याआधी या दंशाने कोकणात किती घरं उजाड झाली ते जुनी माणसं अजून सांगतात.

पाणमांजरं जाळी फाडतात. काय करावं?

ऊद म्हणजे पाणमांजर, आणि तो ज्या ओहोळावर येतो त्या ओहोळात अजून मासे आहेत असं समजा. कळपाने फिरतात, शीळ घातल्यासारखा आवाज करतात, आणि दगडावर माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा टाकतात. जाळं रात्रभर पाण्यात सोडून न जाता वेळेवर उचललं की नुकसान टळतं. फास लावणं, कुत्रे सोडणं हा गुन्हा आहे. नुकसान होतं तेव्हा राग येणं मी समजू शकतो, पण उदाला दुसरं दुकान नाही.

पिवळेधमक मोठे बेडूक कुठून येतात? ते धरतात का?

पहिल्या पावसात खाचरात डरांव डरांव करत बसलेले हळदीसारखे पिवळे बेडूक म्हणजे नर. एरवी ते शेवाळी-तपकिरी असतात, विणीच्या थोड्या दिवसांपुरता हा रंग चढतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगतात. हा देखावा मुलांना जरूर दाखवा.

धरायचे नाहीत. भारताने १९८७ मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, आणि कायद्यानेही त्यांना संरक्षण आहे. गोव्यात ‘जंपिंग चिकन’ म्हणून ते लपूनछपून विकले जातात आणि दर पावसाळ्यात तिथला वनविभाग रात्रीची गस्त घालतो. खाचरातली कीड खाणारा हा प्राणी शेतकऱ्याने तरी मारू नये.

ओहोळाच्या दरडीत बिळं दिसतात, ती कशाची?

मुठ्यांची असतील, किंवा तिबोटी खंड्याची. चिमणीएवढा, जांभळा-नारिंगी, लाल चोचीचा हा पक्षी पावसाच्या तोंडाला कोकणात येतो आणि ओहोळाकाठच्या मातीच्या दरडीत आडवं बीळ खणून पिल्लं वाढवतो. पिल्लांना बेडूक, सापसुरळ्या, लहान खेकडे भरवतो. मुठ्यांसाठी दरड उकरताना हे घरटं फुटतं. बिळाच्या तोंडाशी पांढरी शीट दिसली तर ती दरड सोडून द्या. कॅमेरे घेऊन येणाऱ्यांनाही हात जोडून सांगणं: घरट्यासमोर तासन्‌तास ठाण मांडलंत तर आईबाप आत जाऊ शकत नाहीत.

मुठे धरताना काय बघावं?

उलटा करून पोटाखालची झडप बघा. मादीच्या रुंद झडपेखाली अंडी किंवा मोहरीएवढी पिल्लं चिकटलेली असली तर सोडा. गोड्या पाण्यातल्या खेकड्याची पिल्लं आईच्या पोटाशीच पूर्ण तयार होतात. एक मादी नेली की सगळं घर गेलं.

पाणी अचानक वाढेल हे कसं ओळखायचं?

तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी डोंगरात असतो. पाण्याचा रंग बदलला, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागल्या, दगडांचा गडगडाट ऐकू आला, की मासे, पाग, विजेरी सगळं टाकून वर चढा. गाडी नदीपात्रात किंवा फरशीवर (नदीवरच्या बुटक्या पुलावर) उभी करू नका. मोठ्या भरतीच्या वेळी नदीचं पाणी खाडीत उतरत नाही आणि मागे फुगतं, म्हणून निघण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ बघा. महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला, चिपळूण २२ जुलै २०२१ ला बुडालं. या नद्यांना कमी लेखू नका. वीज कडाडत असेल तर मोकळ्या खाचरात उभं राहणंही टाळा.

ओल्या पायांनी फिरल्यावर ताप आला. वलगणीचा संबंध असेल?

असू शकतो. उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून, पायावरच्या जखमेवाटे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो. ताप, डोळे लाल, पोटऱ्यांत मरणाच्या वेदना अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि ‘मी ओहोळात उतरलो होतो’ हे आठवणीने सांगा. पायाला जखम असेल तर पाण्यात जाऊच नका.

आमच्या ओहोळाला पूर्वीसारखी चढण लागत नाही. का?

कारणं गावागणिक वेगळी, पण आधी ही तपासा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या फळ्या पावसाआधी काढल्या का? नसतील तर मासा तिथेच थडकतो. रस्त्याच्या मोरीच्या खालच्या बाजूला माती वाहून जाऊन दोन-तीन फुटांचा खड्डा पडला आहे का? लहान मासा एवढी उडी मारू शकत नाही, दगड रचून पायऱ्या केल्या तर चढतो. हे काम चार माणसं मे महिन्यात एका सकाळी करू शकतात. ओहोळाला सिमेंटची भिंत आणि तळ बांधला असेल तर अंडी घालायला जागाच नाही. नदीतला उन्हाळी डोह वाळू-गाळ उपसून सपाट केला असेल तर चढायला मासा उरलेलाच नाही. पहिल्याच पावसात मेलेले मासे तरंगताना दिसले तर कुणीतरी वर साठवलेलं रसायन सोडलं असण्याची शक्यता असते. ते मासे खाऊ नका, पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत भरून ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा.

ओसाड पडलेली खाचरं हेही मोठं कारण आहे. भात लावणं सुटलं, बांध फुटले, पाणी साचत नाही. मासा वर येऊन करणार काय?

मिशांचा मोठा, काळपट मासा मिळाला. मागूर का?

आपला गावठी मागूर साधारण हातभर होतो. त्याहून फार मोठा, दांडगा असेल तर तो आफ्रिकी मागूर असण्याची शक्यता जास्त. भारतात तो पाळायला बंदी आहे, तरी तळ्यांतून पुरात सुटून तो नद्यांत शिरला आहे आणि आपल्या माशांची पिल्लं फस्त करतो. हा मात्र परत पाण्यात सोडू नका.

उतरणीचे मासे म्हणजे काय?

भाद्रपदात पाऊस ओसरतो, खाचरातलं पाणी कापणीआधी सोडतात, तेव्हा वाढलेली पिल्लं आणि उरलेले मोठे मासे परत नदीकडे निघतात. आमच्या मते धरायची खरी वेळ ही. अंडी घालून झालेली असतात, मासे भाताच्या पाण्यावर पोसलेले असतात, ओहोळ निवळ असतो, त्यामुळे पाय कुठे पडतो ते दिसतं. बांधाच्या तोंडाशी संध्याकाळी सापळा लावा, पहाटे उचला, बोटापेक्षा लहान मासे पाण्यात सोडा. शेत दुसऱ्याचं असेल तर आधी मालकाला विचारा आणि मिळालेल्यातला वाटा त्याच्या घरी पोचवा. रश्श्यात आमसूल आणि तिरफळ हवंच. तिरफळ ठेचून, बी काढून, अगदी शेवटी घाला.